आधी शिक्का, मग पत्र

बूढ़ापारा, रायपूर (छत्तीसगढ)
१२ फेब्रुवारी २००२

चि. शमू,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. पाकिटावर तू अजून ‘रायपूर, म.प्र.’ लिहितेस. बाई गं, नवं राज्य होऊन सव्वा वर्ष झालं. इकडे जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलंय, सदर बाजारातून लाल दिव्याची गाडी निघाली की पंधरा मिनिटं स्कूटरी तुंबतात, आणि माझी सख्खी भाची मला अजून भोपाळच्या खात्यात टाकते! जिनं चौतीस वर्षं टपालाचं सॉर्टिंग केलं तिला चुकीचा पत्ता म्हणजे भातातला खडा.

आता कामाचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे म्हणाले. यात नजर कडेकडेनं जाते, मधलं बरेच दिवस टिकतं. रोज थेंब घालायचे. “किती दिवस?” असं विचारलं तर म्हणाले, “मॅडम, काही पाहायचं राहिलं असेल तर फार लांबवू नका.” रिक्षात बसेपर्यंत माझं काय राहिलं ते मला सापडलं. तुझी ती लाल दरी.

लग्न होऊन अमेरिकेला गेलीस त्या वर्षी तू चित्राचं पोस्टकार्ड पाठवलं होतंस. लाल दगडाच्या उंच भिंती, तळाशी दोऱ्याएवढी नदी, आणि मागे एकच ओळ, ‘आत्या, तुला इथे आणणार.’ ते कार्ड रिटायर होईपर्यंत माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. जन्मभर मी दुसऱ्यांची गावं वाचली. स्वतः गेले ती इकडे नागपूर, तिकडे एकदा चित्रकोट. घरात आता बसवत नाही गं. बूढ़ा तालाबाला रोज तीन फेऱ्या मारते, तरी पाय शिवशिवतात.

पासपोर्ट आलाय. तुमच्या घरून दरी मोटारीनं चार-पाच तासच ना? तर कोणता महिना चांगला ते कळव. गौतमरावांची सुट्टी बघून ठरव, त्यांना त्रास नको.

तुझी,
कौमुदीआत्या


सॉल्ट लेक सिटी
७ मार्च २००२

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. थेंब चुकवू नकोस. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखव. गौतम ठीक आहे, कामात असतो.

दरीचं म्हणशील तर एवढ्यात नको. मार्चपासून मेपर्यंत वरच्या डोंगरांवरचा बर्फ वितळतो, नदी फुगते, आतली वाट बंद असते. तू फॉलला ये. फॉल तिथला फार सुंदर, लोक खास त्यासाठी लांबून येतात. तोवर माझंही इकडचं जरा नीट होईल, म्हणजे घर वगैरे. घाईत लिहितेय, राग मानू नकोस.

शमू


बूढ़ापारा, रायपूर (छत्तीसगढ, छत्तीसगढ, छत्तीसगढ!)
३० मार्च २००२

चि. शमू,

दरीत धबधबाही आहे हे तीन वर्षांत एकदाही बोलली नाहीस! फॉल बघायचा तर तो भर पावसात, हे मला बस्तरच्या चित्रकोट धबधब्यानं शिकवलंय. आम्ही ऑफिसच्या बायका गेलो होतो ऑगस्टमध्ये. असा दणाणत होता की जेवताना एकमेकींना खुणेनं मीठ मागत होतो. हिवाळ्यात जे गेले ते म्हणाले, नुसता ओला दगड. म्हणून ऑगस्ट नक्की केला.

गोल बाज़ारात सहा साड्या फॉल-पिकोला टाकल्या. शिवणारी पोट्टी विचारते, “दीदी, इतनी साड़ी? कहाँ जा रहे हो?” मी म्हटलं, “फॉल देखने.” ती म्हणाली, “फॉल तो यहीं लग जाएगा, उसके लिए कहाँ जाना?” सगळं दुकान हसलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. माझी सवय तुला ठाऊक आहे, आधी शिक्का, मग पत्र. या वेळी भिंग लावून शिक्का वाचायला गेले तर भलतंच गाव दिसलं, कोलंबस, ओहायो. पुसून पुन्हा पाहिलं, तेच. आत तुझ्या अक्षरात सॉल्ट लेक सिटी आणि बाहेर ओहायो? रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, काचबिंदूत अक्षरं बदलत नाहीत. मी म्हटलं, बदलली आहेत, मी सांगते ना. शेवटी त्यांनी थेंब वाढवून दिले. नजर कडेनं जाणार होती ना? मग मधूनच का गेली? म्हणून ऑगस्टच्या पुढे ढकलू नकोस.

कौमुदीआत्या


सॉल्ट लेक सिटी
२१ एप्रिल २००२

आत्या, ऑगस्ट नको! अजिबात नको!

फॉल म्हणजे धबधबा नाही गं. इकडे शरद ऋतूला फॉल म्हणतात, पानं पडतात म्हणून. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. आणि ऑगस्ट तर सगळ्यात वाईट. ते वाळवंट आहे, तरी जुलै ते सप्टेंबर तिथे अचानक पाऊस येतो. डोक्यावर लख्ख ऊन असतं, पाऊस कुठेतरी वीस मैलांवर पडतो आणि ते पाणी त्या चिंचोळ्या घळीतून एकदम भिंतीसारखं येतं. पळायलाही जागा नसते. जून-जुलैत ऊन बेचाळीसपर्यंत जातं. म्हणजे राहिला ऑक्टोबर. पण तिथल्या खोल्या वर्षभर आधी भरतात, मी चौकशी करते.

शिक्क्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हल्ली मशीन मारतं, पुसट येतात.

शमू


बूढ़ापारा, रायपूर
१७ मे २००२

चि. शमू,

पिकोवालीनं परवा विचारलं, “दीदी, फॉल देख आए?” मी सांगितलं की अमेरिकेत फॉल म्हणजे पानगळ. ती म्हणाली, “तो इसमें देखने का क्या है?”

आता तुझं बेचाळीस. अगं, आमच्याकडे बेचाळीस झालं की लोक म्हणतात आज जरा बरं आहे. पुढल्या आठवड्यात नवतपा लागेल, नऊ दिवस सूर्य नुसता भाजून काढेल, सेहेचाळीसपर्यंत जाईल. सकाळी बासी खायची, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा लावून. डोक्याला ओला गमछा गुंडाळायचा आणि निघायचं. मी भर नवतप्यात पेन्शनच्या कागदासाठी तीन ऑफिसं फिरलेली बाई आहे. तुझी दरी मला काय भाजणार? तुमच्याकडे सोय होत असेल तर जूनअखेर येते.

हे हसण्यावारी नेते आहे, पण खरं सांगू? घाबरले आहे. काल सदर बाजारात डावीकडून आलेली स्कूटर मला दिसलीच नाही. हँडल हाताला लागून गेलं. स्कूटरवाला ओरडला, “ओ आंटी, देख के!” कडा जाऊ लागल्या, शमू. आता तालाबाची फेरी मारतानाही मान सारखी दोन्हीकडे फिरवत चालते. जो महिना म्हणशील तो, पण एक सांग.

कौमुदीआत्या


सॉल्ट लेक सिटी
१२ जून २००२

आत्या,

जूनचं शक्य नाही. ऑक्टोबरच्या खोल्या भरल्या. हिवाळ्यात वाटेवर बर्फ साचून काच होते, तू घसरशील. पुढच्या वर्षीचं बघू या का? स्कूटरचं वाचलं. एकटी बाजारात जाऊ नकोस. मला जास्त लिहवत नाही आज.

शमू


बूढ़ापारा, रायपूर
६ जुलै २००२

शर्मिष्ठा,

पूर्ण नावानं हाक मारली आहे, तेव्हा समजून घे.

तुझी पत्रं मांडून बसले. मार्च-एप्रिल-मे, बर्फाचं पाणी. जून-जुलै, ऊन. ऑगस्ट-सप्टेंबर, पूर. ऑक्टोबर-नोव्हेंबर, गर्दी. डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी, घसरगुंडी. तुझ्या दरीच्या पंचांगात मुहूर्तच नाही. तरी लोक जातात आणि मरत नाहीत, तशा जागांहून आलेली चित्राची कार्डं मी हातानं शेकड्यांनी सॉर्ट केली आहेत. मला आमच्या ऑफिसातली सुट्टीची पद्धत आठवली. साहेबाला सुट्टी द्यायची नसली की तो नाही म्हणत नसे. म्हणायचा, या महिन्यात जरा काम जास्त आहे.

मग मी यंदाची तिन्ही पाकिटं घेऊन स्टेशनवर आमच्या सॉर्टिंगला गेले. भैय्यालालला तू ओळखतेस, तुझी शाळेची फी भरायला रांगेत उभा राहायचा तोच. त्याला काही बोलले नाही. पाकिटं पुढे ठेवली आणि म्हटलं, शिक्का वाच.

त्यानं एकेक उजेडात धरून वाचलं. “कोलंबस, ओहायो लिखे हे दीदी. तीनों म.” तिन्हींवर तेच.

“पक्का?”

“हव दीदी, पक्का. एकदम साफ हे.”

मी तिथेच टपालाच्या पोत्यावर बसले आणि रडले. आधी आनंदानं रडले, ते सांगते. तीन महिने मला वाटत होतं माझी मधली नजर गेली. मी डॉक्टरांशी भांडले, जास्तीचे थेंब घातले, आग सोसली. भैय्यालाल घाबरला, “का होगे दीदी?” मी म्हटलं, काही नाही, माझे डोळे चांगले आहेत रे.

मग दुसऱ्यांदा रडले. त्याचं कारण तू सांगायचं आहेस.

बाकी मी जुळवलं आहे. पूर्वी तुझ्या उत्तरावरची तारीख माझ्या पत्राच्या तारखेपासून मोजून अठरा-वीस दिवसांची असायची. यंदा तेवीस, बावीस, सव्वीस. म्हणजे माझं पत्र आधी युटाला, सॉल्ट लेक सिटीला जातं, तिथून कुणी पत्ता बदलून पुढे पाठवतं. त्यासाठी तू तिकडच्या पोस्टात अर्ज दिला असशील. असा अर्ज जन्मभर चालत नाही, हेही मला ठाऊक आहे. तो संपला की माझी पत्रं परत येऊ लागतील आणि मला कळणारही नाही तू कुठे आहेस.

मी दरीबद्दल विचारत नाही आता. बाई, तू कुठे आहेस?

आत्या


कोलंबस, ओहायो
२ ऑगस्ट २००२

आत्या,

वरचं गाव खरं आहे.

गेल्या नोव्हेंबरपासून इथे आहे. गौतमनं दिवाळीच्या आठवड्यात सांगितलं की त्याला हे लग्न पुढे चालवायचं नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तो वाईट वागला असं मला म्हणता येत नाही. तो घरी नसायचा, आणि असला तरी नसायचा. तीन वर्षं मी भिंतीशी बोलून राहिले होते, आणि एक दिवस भिंतच म्हणाली की मला कंटाळा आला. मी इथल्या विद्यापीठात आधीच अर्ज केला होता, प्रवेश मिळाला. दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावते. माया नावाची मैत्रीण आहे, दोघी मिळून एका खोलीत राहतो. कागदपत्रं पूर्ण झाली आहेत. मी आता कुणाची बायको नाही.

तुला सांगितलं नाही, कारण स्थळ तू आणलं होतंस. गौतमच्या आईनं पाठवलेलं त्याचं पत्र तू मला दाखवलंस आणि म्हणालीस, “अक्षर बघ पोट्टे, ज्याचं वळण असं त्याचं घर कधी विस्कटत नाही.” माझ्या लग्नात तू गल्लीभर हेच सांगत होतीस. आणि तुला डोळ्यांचं कळल्यावर तर हे कसं लिहू? वाटलं, तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेशील.

दुसरं खोटं याहून लाजिरवाणं आहे. मी ती दरी पाहिलेलीच नाही. गौतम नेहमी म्हणायचा, पुढच्या महिन्यात जाऊ. ते पोस्टकार्ड मी पेट्रोल पंपावर विकत घेतलं होतं. तुला लिहिलेले बर्फ, पूर, ऊन, सगळं ग्रंथालयातल्या एका पुस्तकातलं. एकेक महिना शोधून त्यातलं वाईट काढायचे. चांगलंही लिहिलेलं असायचं. ते ओलांडून पुढे जायचे.

आणि तिसरं. तू लिहिलंस की शिक्क्यावर ओहायो दिसलं आणि डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मला त्याच क्षणी कळलं होतं. एक ओळ लिहिली असती तर तुझी झोप परत आली असती. मी लिहिलं, मशीनचे शिक्के पुसट येतात. हे मी केलं, आत्या. याची माफी मागता येत नाही म्हणून मागत नाही.

म्हणशील तर सगळं सोडून रायपूरला येते. तुझा हात धरून बाजारात चालेन.

शमू


बूढ़ापारा, रायपूर
२३ ऑगस्ट २००२

शमू,

माझे डोळे खोटे पाडलेस याचा राग आहे. तो जायला वेळ लागेल, जाईल. संसार मोडला याचा राग नाही. तो माझ्यावर आहे. अक्षर बघून मी पाकिटं ओळखायची, माणूस ओळखायला गेले ही माझी गाढवाची अक्कल. वळणदार अक्षराची कितीतरी खोटी पत्रं माझ्या हातून गेली असतील, एकदाही मनात आलं नाही. चूक झाली गं माझी. तू आठ महिने ती एकटीनं फेडलीस.

मात्र रायपूरला येऊन माझा हात धरायचं नाव काढू नकोस. शिकते आहेस ना? शीक. हात धरायला भैय्यालालची बायको सत्यभामा आहे. ती रोज संध्याकाळी तालाबावर सोबत येते आणि नव्या राजधानीच्या नावानं खडे फोडते. खड्डा आला की शिवी आधी देते, मग मला सांगते.

दरी तू पाहिली नाहीस हे वाचून, खरं सांगू, बरं वाटलं. मी आजवर समजत होते की तू दाखवणार आणि मी बघणार. आता दोघी नवख्या आहोत.

तेव्हा मला महिने सांगू नकोस. बर्फ, पूर, ऊन, गर्दी, सगळं वाचून पाठ झालं. एकच सांग, तुला सुट्टी कधी असते? तोच चांगला महिना. व्हिसासाठी मुंबईला जाईन. तिथल्या साहेबानं विचारलं कशाला जाता, तर सांगेन, भाचीकडे, आणि दोघींना एक दरी बघायची आहे.

या पाकिटावर तुझा नवा पत्ता लिहिला. पिनकोडसकट बरोबर लिहिला आहे. आता तूही माझं राज्य नीट लिही.

आत्या


कोलंबस, ओहायो
१४ सप्टेंबर २००२

आत्या,

सत्र संपलं की जानेवारीचे पहिले दहा दिवस मोकळे असतात. त्या दिवसांत तिथे कुणी जात नाही. वाटेवर बर्फ असतो, अंधार लवकर पडतो. पण पुस्तकात मी ओलांडून गेलेलं एक वाक्य होतं, ते आज पुन्हा काढून वाचलं. हिवाळ्यात सूर्य खाली, तिरपा असतो, त्यामुळे भिंती दुपारभर लाल राहतात, आणि त्या लाल दगडावर पांढरा बर्फ असतो.

तिकडे विमानानं जाऊ, पुढे माया गाडी चालवील. बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे मी घेऊन ठेवते. लोकरीचे मोजे आण आणि ये. ये म्हणतेय, आत्या.

शमू


(चित्राचं पोस्टकार्ड)

कुमारी कौमुदीआत्या, बूढ़ापारा, रायपूर, छत्तीसगढ

७ जानेवारी २००३

आत्या,

तू इथे पोस्टात माझ्या शेजारी बाकावर बसून मोजे वाळवते आहेस, तरी हे तुलाच लिहितेय. तू घरी पोचशील त्यानंतर कधीतरी पोचेल.

सकाळी दरीत शिरलो तेव्हा तू म्हणालीस, “शमे, भिंती मले दिसून नाही राहिल्या. मधलीच वाट दिसते.” मग तू थांबलीस. आधी डावी भिंत पाहिलीस, वरपासून खालपर्यंत, मान फिरवून उजवी पाहिलीस, आणि पुन्हा डावी. मी आणि माया पाच मिनिटांत सगळं बघून बसलो होतो. तू दोन तास पाहत होतीस. मग मीही तुझ्यासारखं पाहायला लागले.

हे गाव एका रस्त्याचं आहे, पोस्टात एकच बाई. तू चौतीस वर्षं टपालात होतीस हे मी तिला सांगितलं. तिनं मशीन बाजूला सारलं आणि हातशिक्का तुझ्यापुढे ठेवला. आता लिहिणं थांबवते, तू हात पुढे करून बसली आहेस.

शिक्का तूच मारणार आहेस. घरी गेल्यावर आधी तो वाच. गाव खरं आहे.

शमू